सूत मोजणारे भिंग परीक्षेला बसले

मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या या खणात माझ्यासह नऊ वस्तू आहेत. तीन मोबाइल, त्यांतल्या एकाची काच तडकलेली. पाण्याचे एक पिस्तूल. दोन लिपस्टिक. पत्त्यांचा एक जोड, त्यात राजा कमी. एक रबरी पाल. आणि मी. बाकीच्या आठ वस्तू वर्गात जप्त झाल्या. मी परीक्षेपायी जप्त झाले.

मित्रांनो, मी एक जुने घडीचे भिंग आहे. तुम्ही पाहिलेल्या भिंगांना दांडा असतो, मला नाही. माझ्या तीन पितळी पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या आहेत. उघडले की मी पाठ असलेल्या लहान खुर्चीसारखे उभे राहते. वरच्या पट्टीत काच आहे. खालच्या पट्टीत एक इंच लांब, एक इंच रुंद अशी चौकोनी खिडकी आहे. मला कापडावर ठेवायचे, काचेला डोळा लावायचा आणि खिडकीत दिसणारे धागे सुईच्या टोकाने मोजायचे. यासाठीच माझा जन्म झाला.

जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे काचेच्या चकत्या ओल्या भुकटीवर घासत. घासणारा कारागीर प्रत्येक काच दिव्यासमोर धरून पाहायचा. बुडबुडा दिसला की ती काच उजवीकडच्या पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की तो हातोडी घेऊन बसायचा. सदोष काच तशीच बाहेर गेली तर कारखान्याचे नाव जाते, म्हणून ती फोडायची. फोडताना तो गुणगुणायचा. माझ्याआधीच्या काचेत मोहरीपेक्षा लहान बुडबुडा होता आणि तोही अगदी कडेला. ती उजवीकडे गेली, मी डावीकडे. माझ्यात तिच्यापेक्षा जास्त गुण होते असे नाही. माझ्यात बुडबुडा नव्हता, एवढेच.

पुढची वीसेक वर्षे मी एका कापडगिरणीच्या तपासणी खात्यात काढली. तिथे एक बाई तपासनीस होत्या. त्यांना मी पुढे आत्या म्हणणार आहे, कारण ज्या मुलीची गोष्ट सांगायची आहे तिच्या त्या आत्या. आत्यांचा हात स्थिर होता आणि चेहराही. ताग्यातला एक तुकडा टेबलावर पसरायचा, मला त्यावर उभे करायचे, आधी उभे धागे मोजायचे, मग आडवे. ठरल्यापेक्षा कमी भरले तर तागा परत.

एकदा एक विणकर आत्यांसमोर उभा राहिला होता. त्याचा तागा त्या महिन्यात तिसऱ्यांदा परत जात होता आणि चौथ्यांदा गेला तर त्याचा माग दुसऱ्याला मिळणार होता.

"ताई, दोनच धागे कमी आहेत," तो म्हणाला. "नेसणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"नेसणारा मोजत नाही. मी मोजते."

"तुम्ही मनात आणलं तर..."

"मी काही म्हणतच नाहीये रे. भिंग म्हणतंय."

विणकराने माझ्याकडे पाहिले. तसे माझ्याकडे पुष्कळांनी पाहिले आहे. त्या वर्षी साहेबांनी आत्यांची पाठ थोपटली. असे डोळे खात्यात दुसरे नाहीत, असे म्हणाले. आत्यांनी मला मऊ फडक्याने पुसले. मला वाटले, कौतुक माझेही झाले.

मग गिरणीत कॅमेऱ्याचे यंत्र आले. ते धावत्या कापडावरचे धागे मोजते आणि त्याला डोळा लावावा लागत नाही. आत्यांना पॅकिंगमध्ये पाठवले. तिथे दिवसभर उभे राहून कापडाच्या घड्या पिशवीत सरकवायच्या आणि पिशवीचे तोंड तापलेल्या पट्टीवर दाबून बंद करायचे. तिथल्या बायकांच्या बोटांची पेरे गुळगुळीत होतात, त्यावर ठसे राहत नाहीत. आत्यांनी मला घरी आणले आणि बटणांच्या डब्यात टाकले. डब्यात मी किती काळ होते ते सांगता येत नाही. अंधारात भिंगाला काही मोजता येत नाही.

डबा उघडला तो आत्यांच्या भाचीने. घरात तिला चिमी म्हणत. आई नव्हती, वडिलांनी दुसरीकडे घर केले होते आणि ही आत्यांकडे वाढत होती. शाळेत मात्र तिला कोणी चिमी म्हणत नसे. तिथे तिचे नाव चाळण होते.

नाव का पडले ते ऐका. दोन वर्षांपूर्वी तिला मेंदूचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना एक गोष्ट घेऊन गेला. तिच्या डोक्यात आकडे टिकेनासे झाले. एखादी गोष्ट अशी का होते, हे तिला सांगितले की कायमचे कळे. पण आकडा सांगितला की तो तासाभरात गळून जाई. घराचा क्रमांकसुद्धा ती मनगटावर लिहून ठेवायची. फळ्यासमोर उभे केले तर बर्फ वितळताना तापमान का वाढत नाही, हे ती बाईंपेक्षा सोपे करून सांगे. लेखी परीक्षेत मात्र गेल्या वर्षी ती कशीबशी काठावर पास झाली होती. निकालाच्या दिवशी एका मुलाने तिच्या डोक्यावर चहाची गाळणी टोपीसारखी ठेवली आणि सगळा वर्ग हसला. टोपी काढून टाकल्यावरही नाव राहिले.

या वर्षीची परीक्षा महत्त्वाची होती. शंभरातले साठ मिळाले तरच पुढे विज्ञान घेता येणार होते. आत्यांनी हिशेब जेवताना एकदाच सांगितला. साठ पडले तर शीक, मी उभी राहीन. नाही पडले तर फोरमनला मी शब्द दिलाय, सोमवारपासून पॅकिंग. चिमी म्हणाली, बरं. आत्या म्हणाल्या, बरं नाही, लक्षात ठेव. मग त्यांनाच आठवले की हिच्या लक्षात राहत नाही, आणि त्या उठून हात धुवायला गेल्या.

आता शाळेतला बदल सांगते. विज्ञानाच्या बाई तरुण होत्या. मुलांनी पाठांतरात जीव घालवण्यापेक्षा स्वतः टिपणं काढावीत आणि ती परीक्षेत जवळ ठेवावीत, असे त्यांचे मत होते. टिपणं काढताना काय ठेवायचे, काय गाळायचे हे ठरवावे लागते आणि ते ठरवणे म्हणजेच अभ्यास, असे त्या म्हणत. मुख्याध्यापक तयार नव्हते. दोन वर्षे मागे लागल्यावर एका परीक्षेपुरते, करून पाहायला म्हणून ते हो म्हणाले. बाईंनी एकाच जाड कागदातून सगळ्यांसाठी तळहाताएवढी कार्डे कापली. मजकूर स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा. एकच बाजू. आदल्या दिवशी बाई कोपऱ्यात हिरव्या शाईने सही करणार. सहीनंतर कार्ड बदलून मिळणार नाही, काहीही झाले तरी नाही, नाहीतर कोण कोणाचे कार्ड घेऊन आला ते कळायचे नाही.

वर्गात एक मुलगा होता, त्याला टेप म्हणत. एकदा ऐकले की तो जसेच्या तसे परत वाजवायचा. पहिलीपासून त्याचा नंबर पहिला. त्याने हात वर केला.

"बाई, मग ज्यांनी पाठ केलंय त्यांनी काय करायचं?"

"त्यांना कार्ड लागणार नाही," बाई म्हणाल्या. "चांगलंच आहे की."

"चांगलं कसं बाई? मी दहा वर्षं पाठ करतोय. आता ते सगळं हिच्या खिशात येणार."

हिच्या म्हणताना त्याने चिमीकडे बघितले. वर्ग हसला. बाई जरा चिडून म्हणाल्या की तुला एवढा अभिमान असेल तर कोरं कार्ड आण, मी त्यावर सही करते. त्याने खरोखरच कोरे कार्ड आणले आणि सही घेतली.

मित्रांनो, त्याचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे झिजलो ती एके दिवशी एखादे यंत्र फुकट करू लागते, तेव्हा कसे वाटते हे मला माहीत आहे. फरक इतकाच की मी बटणांच्या डब्यात गप्प पडून राहिले.

चिमीला कार्ड मिळाल्यावर तिने मला बाहेर काढले. तिचा विचार साधा होता. कार्ड लहान, पण अक्षर किती लहान काढायचे हे नियमात नाही. भिंग चालेल का, हे तिने बाईंना विचारले. बाई हसून म्हणाल्या, चष्मा चालतो तर भिंगही चालेल. तिने बारीक टोकाचे पेन आणले, मला कार्डावर उभे केले आणि लिहायला बसली. अक्षरे मुंगीच्या डोक्याएवढी. श्वास घेताना हात हलतो म्हणून ती श्वास सोडून लिहायची. डाव्या बाजूला तिने सूत्रे लिहिली आणि प्रत्येकाखाली ते कसे निघते तेही. उजव्या बाजूला आठ आकडे एकाखाली एक लिहिले. वस्तू खाली पडताना तिचा वेग किती वाढतो तो आकडा. पाणी तापायला किती उष्णता लागते तो. बर्फ वितळायला लागते तो. प्रकाशाचा वेग. काचेत शिरताना प्रकाश किती वळतो तो. असे आठ. माझ्या काचेखालून इतकी वर्षे कापड गेले. कागदावर असे सरळ उभे काम मी पाहिले नव्हते.

आत्यांनी एकदा कामावरून आल्यावर कार्ड घेतले, मला त्यावर ठेवून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत हात हलला आहे." आणि झोपायला गेल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिक झाले. ते चिमीला चांगले गेले. लेखी पेपर दुपारचा होता. मधल्या सुटीत सगळी मुले शाळेच्या पटांगणात होती. ऊन डोक्यावर होते. चिमी पायऱ्यांवर बसून माझ्यातून कार्ड पाहत होती, तेव्हा टेप तिच्या शेजारी येऊन बसला. तो याआधी कधी तिच्या शेजारी बसला नव्हता.

"काय गं हे? भारी आहे," तो म्हणाला. "दाखव ना."

ती खूश झाली. तिने मला आणि कार्डाला, दोघांनाही त्याच्या हातात दिले. त्याने डोळा लावला आणि तो खरोखरच चकित झाला. मी त्याचा डोळा जवळून पाहिला आहे, त्यात लबाडी नव्हती. लबाडी त्यानंतर आली. त्याने विचारले, तुला तर काही लक्षात राहत नाही, मग हे गेलं तर काय करशील? आवाज काळजीचा होता. चिमीने खरे काय ते सांगितले. म्हणाली, डावीकडचं गेलं तरी चालेल, सूत्रं मला नव्याने काढता येतात, वेळ लागतो इतकंच. उजवीकडचं मात्र गेलं तर संपलं. आकडा विचार करून काढता येत नाही, तो मोजावाच लागतो.

"असं होय," टेप म्हणाला.

मग त्याने आसपासच्या मुलांना बोलावले. सांगितले की चाळण भिंगाचा प्रयोग दाखवतेय. मुले जमली. त्याने एक वाळलेले पान पायरीवर ठेवले, मला त्यावर उभे केले, थोडे सूर्याकडे झुकवले. पानाला ठिपका पडला, धूर आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. एका मुलीने विचारले, हे असं का होतं? टेप म्हणाला, मला नाही माहीत बुवा, हिला विचारा.

आणि चिमी सांगू लागली. तिने विटेचा तुकडा उचलला, पायऱ्यांकडे पाठ केली आणि खाली फरशीवर आकृती काढायला बसली. सूर्याचे किरण सरळ येतात, काचेत वळतात, एका जागी गोळा होतात. ती जागा काचेपासून किती लांब असेल हे काचेच्या फुगवट्यावर ठरतं. आमच्या भिंगाचे पाय मुद्दाम त्याच अंतराचे केलेले आहेत, म्हणून ते कशावरही नुसतं ठेवलं आणि उन्हाकडे वळवलं की बरोबर जागा सापडते. तिचा आवाज फळ्यासमोर असतो तसा झाला होता. तिच्या मागे टेपने पान काढून टाकले आणि माझ्याखाली कार्ड ठेवले.

कार्ड त्याच्या हातात आहे, हे ती विसरली होती.

आधी प्रकाशाचा वेग गेला. कोरा पांढरा कागद सहज जळत नाही, तो ऊन परत फेकतो. शाई काळी असते, ती ऊन पिते, म्हणून आकडा आधी जळतो आणि मग त्याच्याभोवतीचा कागद. एका आकड्याला वेळ लागतो. टेप घाई करत नव्हता. एक झाला की मला दुसऱ्यावर सरकवायचा. सूत्रांच्या बाजूला त्याने मला नेलेच नाही.

तेरा-चौदा मुले बघत होती. एकाने तोंड उघडले तसे दुसऱ्याने त्याच्या दंडाला चिमटा घेतला. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिने आता दुसरा विचारला.

"आणि भिंग मोठं असेल तर?"

"तर जास्त ऊन गोळा होईल," चिमी मागे न बघता म्हणाली. "लवकर पेटेल. थांब, काढून दाखवते."

"ढग आला तर?"

"मग नाही होणार. पण आत्ता ढग नाहीये."

"आणि समजा, कागद असेल तर?"

या प्रश्नावर कोणीतरी फिसकन हसले. चिमी म्हणाली, कागदावर शाई असेल तर अजून लवकर, कारण काळा रंग उष्णता घेतो. असे म्हणताना तिचा हात थांबला. तिला वास आला असावा. ती वळली तेव्हा आठवा आकडा जळत होता.

मित्रांनो, तुम्ही विचाराल की मी काय केले. भिंगाला काही करता येत नाही. जे माझ्यावर पडते ते मी एका जागी आणते. आत्यांच्या टेबलावर मी हेच करत होते आणि त्या पायरीवरही हेच केले, तितक्याच अचूकपणे.

घंटा झाली. मुले पांगली. टेपने मला आणि कार्डाला तिच्या हातात नीट ठेवले आणि म्हणाला, "छान सांगतेस तू." तोही गेला.

चिमी धावत बाईंकडे गेली. बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जिन्यात होत्या आणि मुख्याध्यापक त्यांच्या मागे होते. बाईंनी कार्ड उजेडासमोर धरले. आठ भोकांतून उजेड आला.

"कोणी केलं हे?"

"माझ्या भिंगानं झालं, बाई."

"भिंग आपोआप चालतं का? कोणी धरलं होतं?"

चिमी म्हणाली, "मी पाठमोरी होते. पाहिलं नाही, तर कसं सांगू?"

बाईंनी मागे वळून मुख्याध्यापकांना विचारले की हिला नवे कार्ड, निदान आकड्यांपुरते, आपल्यासमोर लिहू द्यावे का. मुख्याध्यापक म्हणाले, नियम तुम्हीच केलात. काहीही झालं तरी नाही, असं नियमांच्या कागदावर लिहिलं आहे, आणि सहीसुद्धा तुमची आहे. पेपरला तीन मिनिटं आहेत. बाईंनी कार्ड परत दिले. म्हणाल्या, घाबरू नकोस, जमेल तेवढं लिही. चिमी घाबरलेली नव्हती. ती आकडे आठवायचा प्रयत्न करत होती. ते तिच्या तोंडावर दिसत होते.

पेपरात पाच गणिते अशी होती की ज्यांना त्या आठातले पाच आकडे लागणार होते. प्रत्येक गणिताला पाच गुण. बाकीचा पेपर तिने भराभर सोडवला. मग या पाचांकडे वळली. पडणाऱ्या वस्तूच्या आकड्यात एक नऊ आहे आणि एक आठ आहे, इतके तिला आठवत होते. नऊ दशांश आठ की आठ दशांश नऊ, ते आठवेना. तिने माझ्यातून भोकाची कड पाहिली, काही शेपूट उरले आहे का म्हणून. कडेला काळी राख होती. ती बोटाने हलवली तशी गळून पडली.

मग तिने बेंचवरून खोडरबर खाली पाडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. उचलला आणि परत पाडला. बेंचच्या उंचीवरून पडायला लागणारा वेळ त्या घड्याळाने मोजता येत नाही, हे तिला माहीत होते. तरी पाडला. पहाऱ्यावर चित्रकलेचे मास्तर होते. ते जवळ आले.

"खोडरबर पडला की पाडला?"

"पाडला, सर."

"का?"

"मोजत होते."

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, चाळणीतून पडला. हशा झाला. मास्तरांनी तिला उठवून पहिल्या बेंचवर, आपल्या खुर्चीसमोर बसवले आणि खोडरबर स्वतःच्या खिशात घातला. त्यानंतर तिने जे केले ते मी अगदी जवळून पाहिले, कारण तिने मला उत्तरपत्रिकेच्या कडेवर उभे केले होते. तिने आकड्याच्या जागी अक्षर लिहिले. पहिल्या गणितात क. दुसऱ्यात ख. खाली लिहिले की क म्हणजे पाण्याचा तो आकडा, जो माझ्याकडे आता नाही. मग प्रत्येक पायरी व्यवस्थित सोडवत नेली. उत्तरे अशी आली: अमुक इतके गुणिले क. तमुक भागिले ग. पाचही गणिते तिने अशीच पूर्ण केली, एककांसह. वेळ संपायच्या आधी ती थांबली होती. लिहायला काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेपचे वडील शाळेत आले. ते कर सल्लागार होते आणि शाळेचे हिशेबही तेच पाहायचे. त्यांची तक्रार अशी की एका मुलीने भिंग वापरून एका कार्डावर पाच कार्डांचा मजकूर नेला आणि बाकीच्या मुलांवर अन्याय झाला. मुख्याध्यापकांनी टेपला बोलावून विचारले, तू भिंग पाहिलंस का. टेप म्हणाला, हो सर, तिनंच दाखवलं. हे खरे होते. चिमीला वर्गातून बोलावून माझी जप्ती झाली. निकालापर्यंत इथेच राहील, असे मुख्याध्यापक म्हणाले आणि तोवर त्यांनी मला कागद उडू नयेत म्हणून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवले. चिमीने विचारले, नंतर मिळेल ना, आत्याचं आहे ते. ते म्हणाले, बघू.

पेपर तपासायला बाई मुख्याध्यापकांच्या खोलीतच बसत. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते की तपासणी त्यांच्यासमोर होईल. एका संध्याकाळी चिमीची उत्तरपत्रिका वर आली. बाईंनी मला उचलून बाजूला ठेवले आणि ती वाचू लागल्या. पहिले क, ख, ग वाले गणित आले तेव्हा त्या थांबल्या. मग पुढे वाचत गेल्या.

"सर, हिचं पाहता का जरा? पाचही बरोबर आहेत. फक्त आकडा नाही."

"नमुना उत्तरात काय लिहिलंय?"

"अंतिम उत्तर संख्येत. त्याला तीन गुण."

"मग?"

"सर, पण तिचं कार्ड..."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. ते ओरडले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की टेपचे वडील निकालानंतर सगळ्या उत्तरपत्रिका पाहायला मागणार, त्यांनी तसे लिहून दिले आहे. एका ठिकाणी जरी बोट ठेवायला जागा मिळाली तरी ही टिपणांची पद्धत बंद, यंदाही आणि पुढेही. बाकी चौतीस मुलांची टिपणं तुम्ही पाहिलीत, त्यातल्या किती जणांना फायदा झाला तेही तुम्हीच मला सांगितलंत.

"तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही. नमुना उत्तर म्हणतंय."

मग ते फाटकाचे कुलूप पाहायला बाहेर गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना शेवटी काही मागायची रीत आहे. मला पुसा, जपा, धुळीत टाकू नका, असे मीही मागितले असते. माझी काच अजून स्वच्छ आहे, तिच्यावर एक ओरखडा नाही. मला काही नको. मात्र तुमच्यातले कोणी कोणाच्या हातात आपली अडचण उघडी करून देईल, तेव्हा ज्याच्या हातात ती येते त्याने ती पाहून परत करावी. आणि जे भोवती उभे असतील त्यांनी दुसरा प्रश्न विचारू नये.

बाई खोलीत एकट्या होत्या. त्यांनी एक कोरा कागद घेतला, पुस्तकातून पाच आकडे उतरवले आणि क, ख, ग, घ, च यांच्या जागी एकेक घालून पाचही गणिते शेवटपर्यंत नेली. पाचही उत्तरे नमुना उत्तरांशी जुळली. त्यांनी चिमीच्या उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बेरीज लिहिली, प्रात्यक्षिकाचे गुण धरून: बहात्तर. मग पाच ठिकाणी तीन-तीन गुण वजा केले, पेन्सिलीचा आकडा खोडला आणि त्या जागी लाल शाईने लिहिले: सत्तावन्न.